मधला मासा

समुद्रापासून इतक्या लांब येऊन समुद्रातल्या माशांचा संसार थाटणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. जळगावला तापीचे मासे येत, गिरणेचे येत, पण सरांना त्यांच्याशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांचे मासे खाऱ्या पाण्यातले, आणि त्यातही एकाच प्रजातीचे. बाकी साऱ्या दुनियेतले मासे त्यांच्या लेखी नुसती गर्दी होती.

मी तेव्हा हायस्कुलात गणित शिकवत होतो आणि ते कॉलेजात प्राणिशास्त्र. घरमालक आबांच्या दुमजली घराच्या माडीवर शेजारी शेजारी दोन खोल्या होत्या, एक त्यांची, एक माझी. मधे लाकडी पार्टिशन. त्यांच्या खोलीत भिंतभर फळ्या, फळ्यांवर काचेच्या बरण्या आणि बरण्यांत स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेले मासे. तो वास फटीतून थेट माझ्या उशीपर्यंत यायचा. पहिले काही दिवस माझी खात्री झाली होती की हा सज्जन दिसणारा माणूस दार लावून पितो. दारूबंदी नवी होती, त्यामुळे असं वाटायला फार वेळ लागत नसे. एका संध्याकाळी त्यांनीच मला आत बोलावलं, एक बरणी उजेडाला धरली आणि म्हणाले, "बघा, हा अजून बाळ आहे." तेव्हा कुठे माझा संशय फिटला, आणि एका वेगळ्याच संशयाने जागा घेतली.

उंच, हाडकुळे, नाक लांब. गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेलं भिंग, ते सदऱ्याच्या खिशात खोचलेलं. आमच्या आबांच्या गळ्यात तुळशीची माळ. दोघे ओट्यावर समोरासमोर बसले की एकाचा हात माळेवर आणि दुसऱ्याचा भिंगावर. मी त्यावरून दोघांचीही चेष्टा करायचो आणि दोघेही हसायचे.

आबा मूळचे दोंडाईच्याकडचे. कापसाच्या धंद्यापायी जळगावात आले आणि घर बांधून राहिले. कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात घरात येत नसे, तिथे माशांच्या बरण्या कशा शिरल्या हे नवलच होतं. ती हकिगत आबा स्वतःच सांगत. सर खोली विचारायला आले आणि आपल्याकडे मासे आहेत हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. आबा उठून उभेच राहिले.

"मासा? मन्हा घरमा?"

"आबा, मी ते खात नाही. मी ते बघतो."

आबांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "बघाले काय हरकत नही. पन वास नको, आन् आमनी अक्काना समोर बाटली नको."

अक्का म्हणजे आबांच्या घरच्या. सरांनी दोन्ही अटी मान्य केल्या, आणि वर आपल्या पदरची तिसरी घातली. या घरात राहीन तोवर जळगावात कुठेही मासा तोंडात घालणार नाही, असं ते बोलून गेले. रत्नागिरीकडच्या माणसाला ही केवढी शिक्षा आहे ते आबांना ठाऊक नव्हतं, पण मला ठाऊक होतं. खानावळीत वरणाची वाटी समोर आली की त्यांचा चेहरा बघवत नसे. शब्द मात्र त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

त्यांचं एक वाक्य होतं: "मधला कुठे आहे?" हे वाक्य ते इतक्या ठिकाणी वापरत की खानावळीतल्या पोऱ्यापासून प्रिन्सिपॉलपर्यंत सगळ्यांना पाठ झालं होतं. खानावळवाला म्हणाला, सकाळी वरण दाट होतं हो, आता जरा पातळ झालंय, की सर लगेच म्हणणार, "दाट होतं ते ऐकलं, पातळ आहे ते दिसतंय. मधलं कुठे आहे?" आम्ही हसायचो. पण एकदा मी एका मुलाची तक्रार करत होतो. मागल्या वर्षी वर्गात पहिला आलेला मुलगा यंदा भूमितीत गटांगळ्या खात होता. मुलगा बिघडला, असा निकाल देऊन मी मोकळा झालो होतो. सरांनी तोच प्रश्न विचारला. मी वैतागलो, पण दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या घरी गेलो. बाप अंथरुणाला खिळलेला होता आणि पोरगा पहाटेपासून जिनिंगमध्ये सरकी भरायला जात होता. त्यानंतर मी त्या वाक्याला हसायचं सोडून दिलं.

हा मधला त्यांच्या डोक्यात शिरला होता तो माशांमुळेच. ते सगळं प्रकरण मला पहिल्यांदा नीट कळलं धुळ्याला. तिथल्या एका वाचनालयाने व्याख्यानमाला ठेवली होती आणि कुणीतरी आयत्या वेळी न आल्यामुळे सरांना बोलावलं होतं. एरंडोल, पारोळा करत आम्ही यष्टीने गेलो. धुळीने दोघांचेही केस पांढरे झाले होते, आणि सर तसेच फळ्यापुढे जाऊन उभे राहिले.

त्यांनी खडूने एक मासा काढला. चौकोन टोकावर उभा करावा तसं अंग, आणि पाठीच्या व पोटाच्या परांतून निघालेले लांबलचक तंतू, पार शेपटीच्याही मागे लोळणारे. शेजारी दुसरा मासा काढला. तो मोठा, लांबट, कपाळ उभं, आणि तंतूंचा मागमूस नाही. हे दोघे एकाच कुळातले, ते म्हणाले. समोरून कुणीतरी, "बांगड्यासारखाच दिसतो की," असं पुटपुटलं, तशी सर गर्रकन वळले आणि बांगड्याचं कूळ वेगळं का, यावर इतकं तावातावाने बोलले की तो गृहस्थ पुढे अध्यक्षांच्या आभारापर्यंत मान खाली घालून बसला.

मग त्यांनी मुद्दा सांगितला. कुळात अनेक प्रजाती, प्रजातीत काही जाती. या प्रजातीचं नाव ॲलेक्टिस. जुन्या साहेबांनी आपल्या किनाऱ्यावरचे मासे पाहून नावं दिली, तेव्हा तंतू असलेल्या माशाला एक नाव दिलं आणि नसलेल्याला दुसरं. पुस्तकात दोन जाती झाल्या. सरांचं म्हणणं असं की या दोन जाती नाहीतच. पहिला मासा हे दुसऱ्याचं पिल्लू आहे. वाढता वाढता तंतू आखूड होतात, गळतात, अंग लांबतं, चेहरा बदलतो. लहानपणीचं आणि म्हातारपणीचं असं एकाच जिवाला दोन नावांनी पुस्तकात बसवून ठेवलं आहे. त्यातलं एक नाव त्यांना खोडायचं होतं.

"लोक नवं नाव द्यायला धडपडतात," ते म्हणाले, "मला एक कमी करायचंय."

टाळ्या पडल्या त्या पडल्या. मग एका वकिलांनी उठून विचारलं, की हा मासा लागतो कसा? सरांनी खडू खाली ठेवला. "आमच्या घरमालकांनी मला त्यावर बोलायची बंदी केली आहे," असं म्हणून ते बसले, आणि सभा त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसली. परतीच्या यष्टीत मात्र ते खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, सिद्ध करून टाका ना एकदाचं. तेव्हा त्यांनी अडचण सांगितली. त्यांच्याकडे पिल्लं होती, पिल्लांहून थोडे मोठे होते, पुरे वाढलेले होते, त्याहून थोडे लहान होते. वर्षानुवर्षं सुट्टीत किनाऱ्यावर जाऊन, कोळणींच्या टोपल्या उपसून त्यांनी एकेक जमवला होता. पण ओळीत एका जागी खिंडार होतं. तंतू अर्ध्यावर आलेत, अंग लांबायला लागलंय, असा एक मासा त्यांना मिळत नव्हता. तो मिळाला की दोन्हीकडच्या बरण्या एका ओळीत उभ्या राहणार होत्या, आणि कुणीही येऊन नुसत्या डोळ्यांनी बघितलं असतं.

"तोवर माझं म्हणणं म्हणजे गप्पा," ते म्हणाले.

आबांना हे सगळं ओट्यावर बसल्या बसल्या पाच मिनिटांत पटलं होतं. "वासरूले शिंगं नही ऱ्हातस, बैलले ऱ्हातस," ते म्हणाले. "म्हनीसन बैल काय येगळं जनावर शे का?"

"इथे उलट आहे, आबा. वासराला शिंगं आहेत आणि बैलाला नाहीत."

आबा यावर खूप वेळ हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "तो मधला तुम्हले सापडी. देव देई." तेव्हापासून सर सुट्टीला निघाले की आबा त्यांना माशासाठी आशीर्वाद द्यायचे. गळ्यात माळ घालणारा माणूस माशासाठी देवाला साकडं घालतो याची त्यांची त्यांनाच गंमत वाटायची.

बरण्या कॉलेजात का ठेवल्या नाहीत, असं पुष्कळ जण नंतर विचारत. कॉलेजच्या कपाटात अभ्यासक्रमातले बेडूक आणि गांडुळं होती, आणि एकाच माशाचे इतके नमुने ठेवायला प्रिन्सिपॉलांनी जागा नाकारली होती. दुसरी भानगड स्पिरिटची. फॉर्मॅलीन वापरलं असतं तर कुणाची हरकत नव्हती, पण फॉर्मॅलीनने ते बारीक तंतू ताठ होतात आणि हात लागताच मोडतात, म्हणून सरांनी पहिल्यापासून सगळे मासे नुसत्या स्पिरिटमध्ये ठेवले होते. जळगावचा उन्हाळा, स्पिरिट उडून जायचं, दर थोड्या दिवसांनी भर घालावी लागायची. घरी स्पिरिट ठेवायचा परवाना मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो अर्ज कुठल्या टेबलावर झोपला होता देव जाणे. दारूच्या थेंबाला न शिवणाऱ्या या माणसाच्या घरात गल्लीतल्या सगळ्या दारुड्यांना मिळून पुरेल इतकं स्पिरिट होतं, आणि कागद एकही नव्हता.

त्या वर्षी मे महिन्यात सर किनाऱ्यावर गेले आणि मी माझ्या गावी गेलो. माडी कुलूपबंद, किल्ली आबांकडे. सुट्टी संपता संपता मी परत यायच्या तयारीत असताना मला सरांचं कार्ड आलं. मजकूर एवढाच: मधला मिळाला. खाली गाडीची वेळ.

मी गावाहून थेट स्टेशनवर गेलो. सर गाडीतून उतरले ते तुपाचा मोठा डबा छातीशी धरून. डब्याचं तोंड झाळून घेतलेलं, आत स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्यांत मासा. इतक्या वर्षांत टांगा करताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि टांगेवाल्याला माशाचं कूळ समजावून सांगतानाही. टांगेवाला, "व्हय का सायेब, व्हय का," करत घोड्याला चुचकारत होता. सर रस्ताभर हसत होते. लेख कुठल्या मासिकाला पाठवायचा, आकृत्या किती काढायच्या, सगळं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तो त्यांचा चेहरा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

आबा ओट्यावर वाटच बघत होते. "सापडना का?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"सापडला, आबा!"

"मी सांगं व्हतं ना!" असं म्हणत ते किल्ली घेऊन आमच्या मागे जिना चढू लागले. त्यांनाही काहीतरी सांगायची घाई झाली होती. जिना अर्धा चढल्यावर सर थांबले. त्यांनी नाक वर केलं. मला एक कुजका वास आला, उन्हाळ्यात बंद घरात उंदीर मरतो तसा, आणि मी तसं बोललोही. सर उरलेला जिना भराभर चढले. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला तो वास कशाचा ते विचारावं लागत नाही.

आबांनी कुलूप काढलं. बरण्या फळीवर ओळीने, पुसून लख्ख, झाकणांभोवती मेण ओतून पक्क्या बंद केलेल्या. आत दुधट पाणी होतं आणि तळाशी पांढरा लगदा. एका बरणीत पाण्यावर बारीक तंतू तरंगत होते. आबांचा चेहरा नुसता फुलला होता.

"परफेसर, तुम्ही गयात आन् दारूबंदीवाला गल्लीमा फिराले लागनात. कोनीतरी अर्ज करं व्हता. मी म्हनं, आते यासले जेलमा नेतस! मंग मी आन् अक्कानी बठ्ठी दारू मोरीमा वती दिन्ही. बाटलीसमा पानी भरं. हिरनं पानी. दोन दाव गाळं."

सर विहिरीच्या पाण्याने भरलेल्या त्या बरण्यांकडे बघत होते.

"दुसरा दिन पोलीस उना. बठ्ठ्या बाटल्यासना वास लिन्हा. म्हने, हाई ते पानी शे! गया तोंड पाडीसन." आबा हसले. मग जरा जवळ येऊन, आवाज उतरवून म्हणाले, "आन् मी म्हनू, मुका जीव. मासा पानीमाच ऱ्हास ना? तेले दारूमा कसाले ठेवाना?"

"पाणी..." सरांनी एका बरणीला हात लावला. "पाणी गढूळ झालं असेल."

"व्हये ना. दोन-तीन दिनमा गढूळ व्हये. मी बदली टाकू. अक्का नाकले पदर लाईसन गाळीसन दे. मंग भलता वास याले लागना, म्हनीसन मेन लायं. वास ते येसच ना मासाना, बठ्ठा लोके सांगतस."

इथे मला सगळं एकदम कळलं. ज्या घरात तीन पिढ्यांत मासा आला नव्हता, त्या घरातल्या माणसाला कुजलेल्या माशाचा वास आणि माशाचा वास यातला फरक कुठून कळणार? मासे म्हटलं की घाण येणारच, एवढंच त्यांना लहानपणापासून माहीत. आणि मासा म्हटलं की पाणी, हेही. ज्या अक्का बरणीच्या वाऱ्याला उभ्या राहत नव्हत्या त्यांनी सरांसाठी माडी चढून, नाकाला पदर लावून पाणी गाळलं होतं. दोघांनी मिळून इतक्या वर्षांचं सगळं काम प्रेमाने, नेमाने, दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं करत मोरीत सोडून दिलं होतं.

मी बोलायला तोंड उघडलं. सरांनी माझं मनगट धरलं. 

"दोनदा गाळलंत?" त्यांनी विचारलं.

"दोन दाव."

"आबा, तुम्ही नसतात तर मी आज चौकीत बसलो असतो," सर म्हणाले. "फार उपकार झाले तुमचे."

आणि हे खोटं नव्हतं, हीच त्यातली वाईट गोष्ट होती. आबांनी त्यांना खरोखरच वाचवलं होतं. आबा समाधानाने खाली गेले आणि अक्कांना चहा टाकायला सांगितल्याचा त्यांचा आवाज जिन्यातून वर आला. सर खुर्चीवर बसले. डबा अजून मांडीवर होता.

संध्याकाळी आम्ही हातगाडी आणली. मासे कॉलेजात हलवतो, असं सरांनी आबांना सांगितलं. आबांनी स्वतः दोन बरण्या गाडीवर चढवल्या, सांभाळून न्या म्हणाले. आम्ही मेहरूणच्या तलावापलीकडे गेलो, खड्डा केला आणि बरण्या रित्या केल्या. सरांनी एकदा खिशातून भिंग काढलं, खड्ड्याकडे बघितलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. मग तलावाच्या पाण्यात एकेक बरणी स्वच्छ धुतली. मी मदतीला गेलो तर मला हात लावू दिला नाही.

मी खूप बोललो त्या संध्याकाळी. मोजमापं वहीत आहेत, त्यावर लिहा, म्हटलं. ते म्हणाले, "वहीवर कोण विश्वास ठेवील? मासे दाखवा म्हणतील. आणि दाखवायलाच पाहिजेत. मीसुद्धा मागितले असते." मग पुन्हा सुरुवात करा, म्हटलं. मधलाच मिळत नव्हता, तो आता मिळालाय, दोन्हीकडचे तर किनाऱ्यावर मिळतात, चार-सहा वर्षांत ओळ पुन्हा उभी राहील. यावर त्यांनी पुढची बरणी धुवायला घेतली.

"नवे आणले तर आबा विचारतील, जुने कुठे गेले?"

"सांगा मग! कॉलेजात नेले म्हणून सांगा. खोटं एकदा बोललाच आहात."

"ते कॉलेजात बघायला येतील, गुरुजी. ते येणारे आहेत."

मला तेव्हा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजून येतो. एका म्हाताऱ्याला वाईट वाटेल म्हणून माणसाने आपलं आयुष्यभराचं काम सोडून द्यावं का? मी त्यांना हे तोंडावर विचारलं. आपण इतके दिवस इथे राहतो, ते म्हणाले, आणि आबांनी स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. एवढंच. ते उत्तर मला पटलं नाही. कदाचित कारण दुसरंच असेल. वयाने चाळिशी ओलांडली होती, डोळे दुखायला लागले होते, आणि पुन्हा पहिल्यापासून कोळणींच्या टोपल्या उपसायचं बळ उरलं नसेल. आबा हे त्यांनी स्वतःला दिलेलं कारण असेल. मला ठरवता आलेलं नाही.

मधला मासा मात्र त्यांनी कॉलेजात नेला. एकच नमुना म्हटल्यावर प्रिन्सिपॉलांनी जागा दिली. तो त्यांनी फॉर्मॅलीनमध्ये ठेवला. मी आठवण करून दिली, तंतू मोडतील ना? "आता मोडले तरी मोजायचे कुणाला आहेत?" असं म्हणून त्यांनी झाकण लावलं. चिठ्ठीवर प्रजातीचं नाव लिहिलं, किनारा लिहिला, आणि जातीच्या नावापुढे मोकळी जागा सोडली. वर्गातले डेमॉन्स्ट्रेटर म्हणाले, पुस्तकातलं कुठलंतरी एक लिहून टाकू. सरांनी चिठ्ठीला हात लावू दिला नाही.

पुढे काही वर्षं सर आबांकडेच राहिले. फळ्या रिकाम्या होत्या, त्यांवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले. मधला कुठे आहे, हा प्रश्न त्यांनी कधी बंद केला ते मला सांगता येणार नाही, पण एक दिवस खानावळीत वरण पातळ आलं आणि ते मुकाट्याने जेवले, तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं. आणि संध्याकाळी ओट्यावर आबा नव्या माणसाला हटकून ती गोष्ट सांगायचे. परफेसरसाहेबांना आपण जेलमधून कसं वाचवलं, पोलिसाने बाटल्या हुंगल्या तेव्हा त्याचं तोंड कसं झालं. सर शेजारी बसून मान डोलवत. "दोनदा गाळलं होतं पाणी," असं मधेच स्वतःहून जोडत. मला ते ऐकवत नसे. मी काहीतरी निमित्त काढून आत निघून जायचो.

नंतर त्यांना नागपूरकडे नोकरी मिळाली. समुद्र होता त्याहून आणखी लांब गेला. निघताना आबांनी त्यांच्या डब्यात अक्कांनी केलेले लाडू दिले आणि सरांनी आबांना वाकून नमस्कार केला. भिंग दोऱ्यासकट माझ्या टेबलावर ठेवून गेले. मी ते परत पाठवलं नाही, कारण विसरून राहिलं असं वाटण्यासारखी त्याची जागा नव्हती. दोन-तीन वर्षांनी त्यांच्या कॉलेजातल्या एकाकडून कळलं की ते गेले. पुस्तकातलं ते नाव अजून आहे की दुसऱ्या कुणी खोडलं, ते मी कधी शोधलेलं नाही. खोडलं असलं तरी वाईट वाटेल आणि नसलं तरी वाटेल.

सर गेल्याचं कळल्यावर आबा फार दिवस ओट्यावर बसले नाहीत. त्यांनाही थकवा आला होता, नजर कमी झाली होती. एक दिवस त्यांनी मला बोलावून घेतलं. "गुरुजी, परफेसरना मासा मले एक दाव दखाडा. तठे कालेजमा शे म्हनतस." इतकी वर्षं येईन येईन म्हणणारे आबा सर असताना कधीच कॉलेजात आले नव्हते.

मी त्यांना टांग्याने घेऊन गेलो. प्राणिशास्त्राच्या खोलीत बेडकांच्या आणि सापांच्या बरण्यांमध्ये ती एक बरणी होती. रुपेरी रंग गेला होता, पण अंग शाबूत होतं. तंतू अर्ध्यावर आलेले, एक-दोन मोडून तळाशी पडलेले. चिठ्ठीवर सरांचं अक्षर आणि पुढे मोकळी जागा. आबांनी टोपी काढून हातात घेतली. बरणीला कपाळ टेकेल इतके जवळ जाऊन ते बघत राहिले.

"हाऊच का तो मधला?"

"हाच, आबा."

"आन् बाकीना?"

मी म्हटलं, "ते सर नागपूरला घेऊन गेले."

आबांनी मान हलवली. त्यांनी काचेवर बोट ठेवलं, पाण्याचा अंदाज घेतल्यासारखं वरून खाली फिरवलं. आतलं फॉर्मॅलीन पाण्यासारखं स्वच्छ होतं.

"याले पानी कोन बदलस?"

"शिपाई बदलतो."

"गाळीसन?"

सरांनी धरलं होतं ते माझं मनगट मला त्या वेळी जाणवलं.

"हो आबा," मी म्हणालो. "दोनदा."